ॲक्सोलोटलची नुकती निघालेली पिल्लं: खायला काय घालायचं, पाणी कसं ठेवायचं

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंनी विचारलं आहे. घरच्या ॲक्सोलोटलच्या, म्हणजे जन्मभर पाण्यात राहणाऱ्या शेपटीवाल्या उभयचराच्या, जोडीने डिसेंबरअखेर अंडी घातली, संक्रांतीच्या सुमारास पिल्लं निघाली, शंभराच्या वर आहेत. उकडलेल्या अंड्याचा बलक दिला, माशांच्या खाद्याची पूड दिली, कुणी सांगितलं म्हणून उकडलेला पालकही दिला. पिल्लं कशालाच तोंड लावत नाहीत आणि रोज सकाळी काही तळाशी मेलेली सापडतात. दोन-तीन पिल्लांचे कल्ले कुरतडल्यासारखे दिसतात. त्यात फेब्रुवारीत लग्नासाठी दोन दिवस चंद्रपूरला जायचं आहे. काय करावं?

ताई, तुमची पिल्लं समोर अन्न असूनही उपाशी आहेत. या वयात त्यांना हलणारी वस्तूच अन्न म्हणून कळते. नाकासमोरून काही सरकलं, पाण्यात बारीकशी लहर उठली, की ती झडप घालतात. बलकाचा कण कितीही पौष्टिक असला तरी तो तळाशी नुसता पडून राहतो, त्यामुळे त्यांच्या लेखी तो नसल्यातच जमा. तो तिथे कुजतो, पाणी नासतं, आणि आधीच अशक्त झालेलं पिल्लू त्या पाण्यात दगावतं. म्हणून आज संध्याकाळी सगळ्यात आधी बलक, पूड आणि पालक बंद करा. सगळी पिल्लं स्वच्छ पाण्यात काढा आणि जिवंत खाद्याच्या तयारीला लागा.

पालकाचा सल्ला कुठून आला असेल ते कळतं. आपल्याकडे लहानपणी सगळ्यांनी पावसाळ्यात डबक्यातले बेडकाचे डिंभ बरणीत ठेवलेले असतात. ते शेवाळ खरवडून खातात, उकडलेला पाला खातात. पण ॲक्सोलोटल, न्यूट, सॅलमँडर हे शेपटीवाले उभयचर आहेत आणि त्यांची पिल्लं पहिल्या घासापासून मांसाहारी असतात. आणखी एक फरक तुम्हाला थोड्याच दिवसांत डोळ्यांनी दिसेल. बेडकाच्या डिंभाला आधी मागचे पाय दिसू लागतात, तुमच्या पिल्लांना आधी पुढचे येतील.

इथे न्यूटबद्दल दोन शब्द, कारण दुकानात ही दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. खऱ्या न्यूटची पिल्लं आणखी बारीक असतात. बऱ्याच जातींच्या पिल्लांना डोळ्यांखाली दोन काड्यांसारखे अवयव असतात, त्यांच्या आधाराने ती सुरुवातीचे दिवस तळाशी तोल सांभाळतात. ॲक्सोलोटलच्या पिल्लांना त्या काड्या नसतात. न्यूटचं पिल्लू काही महिन्यांनी कल्ले गमावून पाण्याबाहेर येतं, ॲक्सोलोटल मात्र कल्ल्यांसकट जन्मभर पाण्यातच राहतो. भारतात रानात आढळणारे न्यूट पूर्व हिमालयाच्या पट्ट्यातले. दार्जिलिंगकडचं जोरपोखरी अभयारण्य त्यांच्यासाठीच ओळखलं जातं. त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते घरी पाळता येत नाहीत. कुणी ‘देशी न्यूट’ म्हणून विकायला आला तर घेऊ नका. पहिल्या काही आठवड्यांचं खाणं आणि पाणी याबाबत मात्र दोघांची पिल्लं जवळजवळ सारखीच, म्हणून खालचं सगळं दोघांनाही लागू आहे.

आता खाद्य. अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण सेंटिमीटरभर लांब असतं आणि त्याच्या पोटात बलकाची शिदोरी असते. पहिले दोन-तीन दिवस ते तिच्यावर निघतात, तेव्हा काही घालायची गरज नसते. पिल्लाला पांढऱ्या वाटीत घेऊन वरून उजेड पाडा. पोट पिवळट, भरीव दिसतंय तोवर थांबा. पोट रिकामं, काचेसारखं आरपार दिसू लागलं की त्या दिवसापासून खाद्य हवंच. तुमची पिल्लं हा टप्पा ओलांडून पुढे गेली आहेत, म्हणून घाई करायला हवी.

या वयाला सगळ्यात चांगलं खाद्य म्हणजे ताजा निघालेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीवर्गीय जीवाची अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरची पिल्लं. याची वाळलेली अंडी डबीत मिळतात. दुकानात ‘आर्टेमिया एग्ज’ म्हणूनच मागा. जगभरातला बराच माल अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो. डबी घेताना ती सीलबंद आहे ना, तारीख काय आहे, हे बघा. सुटी, पुडीत बांधून दिलेली अंडी घेऊ नका. आपल्या पावसाळ्यात एकदा दमट हवा लागली की त्यातली निम्मी फुटत नाहीत. उघडलेली डबी घट्ट बंद करून फ्रिजमध्येच ठेवायची.

उबवायची रीत अशी. लिटरभराची प्लॅस्टिकची बाटली घ्या, तळ कापा, झाकण लावून उलटी टांगा. त्यात एक लिटर पाणी आणि २५ ते ३० ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट पाच चमचे. चिमूटभर खायचा सोडा घाला, कारण पाणी किंचित अल्कधर्मी असलं तर अंडी चांगली फुटतात. एअर पंपाची नळी थेट बाटलीच्या टोकापर्यंत सोडा, म्हणजे सगळी अंडी सतत फिरत राहतील, तळाशी बसणार नाहीत. मग अंडी घाला, पण अगदी थोडी. एका ग्रॅममध्ये दोन लाखांहून जास्त अंडी असतात. शंभर पिल्लांना एका वेळी चिमूट-दीड चिमूट पुरते. पाणी २६ ते २८ अंश आणि उजेड असेल तर २४ तासांत बाटलीत नारिंगी ढग दिसतो.

नागपूरच्या जानेवारीत इथेच गाडी अडते. रात्री पारा १० ते १२ अंशांवर उतरतो, बाटलीतलं पाणीही गार होतं, आणि २४ तासांचं काम ३६ किंवा ४८ तासांवर जातं. लोकांना वाटतं अंडी खराब निघाली, ते बाटली ओतून देतात. अंडी चांगली असतात, त्यांना फक्त ऊब हवी असते. बाटली थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि आत जुना पिवळा बल्ब लावा, एलईडी नको, तो पुरेसा तापत नाही. बल्ब थर्माकोलला आणि बाटलीला टेकणार नाही आणि त्यावर पाणी उडणार नाही इतकं अंतर ठेवा. म्हणजे एकाच घरात आर्टेमियाला ऊब आणि ॲक्सोलोटलला गारवा, अशा दोन व्यवस्था कराव्या लागतात.

काढताना पंप बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी जातात, मध्ये जिवंत पिल्लं राहतात. बाटलीच्या एका बाजूला टॉर्च धरला की ती उजेडाकडे जमतात. तिथे नळी लावून ओढून घ्या, मलमलच्या फडक्यातून गाळा आणि गोड्या पाण्याने नीट धुवा. मीठ आणि टरफलं दोन्ही जायला हवीत. टरफल पचत नाही, लहान पिल्लाच्या आतड्यात अडकतं, आणि असं पिल्लू पोट फुगून मरतं. धुण्यात कंटाळा करू नका, एवढं कळकळीने सांगतो.

दोन बाटल्या ठेवा, एक आज लावलेली, दुसरी उद्या. आर्टेमियाची पिल्लं निघाल्यावर काही तासच अंगातल्या बलकावर जगतात. तो संपला की त्यांचं पोषणमूल्य घसरतं आणि शिळा आर्टेमिया खाऊन पिल्लं पोट भरलेली दिसतात पण वाढत नाहीत. म्हणून निघाल्यानिघाल्या खायला द्यायचा. उरलेला मिठाच्या पाण्यातच फ्रिजमध्ये ठेवला तर दिवसभर चालतो.

ड्रॉपरने थोडा आर्टेमिया पिल्लांच्या डब्यात सोडा आणि मान वाकवून बघत बसा. आधी काहीच होत नाही. मग एखादं पिल्लू डोकं किंचित वळवतं, थांबतं, आणि एकदम गप्पकन पुढे झेपावतं. पाच-दहा मिनिटांत आरपार दिसणारं पोट नारिंगी व्हायला लागतं. ते नारिंगी पोट हीच तुमची रोजची हजेरी. अर्ध्या तासाने ज्यांची पोटं नारिंगी नाहीत ती पिल्लं पिपेटने वेगळ्या वाटीत काढा, तिथे दाट आर्टेमिया द्या. दांडगी भावंडं नसली की ती बहुतेक वेळा खायला लागतात. जे पिल्लू सलग दोन दिवस वाटीतही खात नाही ते सहसा वाचत नाही, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका.

दिवसातून दोनदा खायला घाला, सकाळी आणि संध्याकाळी. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तास जगतो, मग मरून तळाशी पांढरा थर धरतो. खाऊ घालून दोन-तीन तासांनी तो थर ड्रॉपरने काढून टाका. घालतानाही हात राखून घाला, पाणी गढूळ नारिंगी होईल इतकं नको.

आर्टेमिया जमलाच नाही तर दुसरा चांगला पर्याय मोइना, म्हणजे पाणपिसू वर्गातला बारीक जीव. आपल्या मत्स्यपालकांकडे ती बहुधा मिळते, आणि तिच्याच वर्गातल्या डॅफ्नियापेक्षा आपली उष्णता तिला जास्त मानवते. तिची लहान पिल्लं नवजात ॲक्सोलोटलच्या तोंडात बसतात, आणि मोठा फायदा म्हणजे ती गोड्या पाण्यातलीच असल्याने खाल्ली जाईपर्यंत जिवंत राहते, पाणी नासवत नाही. हिरव्या पाण्यावर किंवा चिमूटभर यीस्टवर बादलीत वाढवता येते. मायक्रोवर्म नावाचे बारीक कृमी दिले तर पिल्लं खातात, पण त्यांच्यावर वाढ रेंगाळते. चार दिवसांचा आधार म्हणून ठीक. ट्युबिफेक्स हे लाल, बारीक कृमी मात्र मी या वयाला कधीच देत नाही. ते बहुतेक वेळा गटाराच्या, घाण नाल्याच्या गाळातून काढतात, आणि तिथले जंतू थेट तुमच्या डब्यात येतात.

फुटाळा किंवा अंबाझरी तलावातून जाळीने पाणकिडे गाळून आणावेत असं काही जण सुचवतात. त्या पाण्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात, आणि एक अळी एका रात्रीत किती पिल्लं फस्त करते ते सकाळी मोजावं लागतं. हायड्रा हा डंख मारणारा बारीक जीवही येतो, तो एकदा डब्यात बसला की निघता निघत नाही. डासांच्या अळ्या थोड्या मोठ्या पिल्लांना आवडतात हे खरं, पण त्यासाठी कूलरच्या टाकीत किंवा बादलीत पाणी साठवून ठेवू नका. आपल्या शहरात डेंग्यू काय करतो ते आपण दरवर्षी बघतो. शेजाऱ्यांच्या जिवावर पिल्लं वाढवू नयेत.

खाण्याइतकंच पाणी महत्त्वाचं, आणि पिल्लं मरायचं तुमच्याकडचं दुसरं कारण तेच असावं. या वयाला फिल्टर आणि जोराचे बुडबुडे दोन्ही नकोत. वाहत्या पाण्यात पिल्लं थकतात, शिवाय फिल्टर त्यांना ओढून घेतो. चपटे, उथळ, पांढऱ्या तळाचे प्लॅस्टिकचे डबे घ्या, पाणी चार-पाच बोटं, तळाशी वाळू किंवा खडे काही नाही. दोन लिटरच्या डब्यात दहा-पंधरापेक्षा जास्त पिल्लं ठेवू नका. आणि रोज सगळं पाणी बदला. तोंड रुंद केलेल्या ड्रॉपरने किंवा चमच्याने पिल्लं शेजारच्या भरलेल्या डब्यात हलवा, जुना डबा नुसत्या पाण्याने घासून धुवा. साबण नको. जाळीने उचलू नका, तिच्या धाग्यांत कल्ले अडकून फाटतात.

नळाचं पाणी पेंचचं असो की कन्हानचं, त्यात क्लोरीन असतोच, आणि या पिल्लांचे कल्ले उघडे, कातडी पातळ. उघड्या टबात पाणी २४ तास ठेवून, त्यात पंपाने हवा सोडली तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अक्वेरियमच्या दुकानातली अँटी-क्लोरीनची बाटली वापरा. त्यात बहुधा हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट असतं. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. आरओचं पाणी मात्र देऊ नका. लोक ते शुद्ध म्हणून आवर्जून देतात, पण त्यातले क्षार निघून गेलेले असतात. ॲक्सोलोटलला थोडं जड पाणीच मानवतं.

मग बोअरचं पाणी चालेल का? जडपणाच्या दृष्टीने चालेल, क्लोरीनही नसतो. पण आपल्याकडचं बोअरचं पाणी अल्कधर्मी असू शकतं, आणि पिल्लांच्या घाणीतून जो अमोनिया तयार होतो त्याचा विषारी भाग पीएच वाढला की झपाट्याने वाढतो. पीएच ७ चा ८ झाला तर तो साधारण दहा पट होतो. म्हणजे तीच घाण नळाच्या पाण्यात पिल्लू सोसेल आणि बोअरच्या पाण्यात सोसणार नाही. बोअरचं पाणी वापरायचंच असेल तर पाणी बदलायचा एकही दिवस चुकवू नका. जुन्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी टाळा, त्यात नायट्रेट जास्त असू शकतं.

पाणी बदलताना तापमान जुळलं पाहिजे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी भर जानेवारीतही दुपारी कोमट असतं आणि पहाटे बर्फासारखं. ते थेट ओतलं तर पिल्लं उलटी होऊन तरंगताना दिसतील. आदल्या दिवशी बादली भरून त्याच खोलीत ठेवा, क्लोरीनचंही काम होतं आणि तापमानाचंही.

पिल्लांना १८ ते २० अंश सगळ्यात चांगलं. सध्या तुमच्या घरातल्या उत्तरेकडच्या खोलीत, फरशीवर ठेवलेल्या डब्यात पाणी आपोआप त्याच्या जवळपास राहत असेल. म्हणून आपल्या गावात पिल्लं वाढवायची तर नोव्हेंबर ते जानेवारी हीच वेळ. याच्यानंतर निघालेल्या अंड्यांचा मोह धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. होळीनंतर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि पाणी २४ अंशांच्या वर गेलं की ॲक्सोलोटल खाणं सोडतो, अंगावर बुरशी धरते. २० अंशांना पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणजे पाणी तापलं की प्राण्याची गरज वाढते आणि पुरवठा घटतो.

कूलरने भागेल का, हा प्रश्न प्रत्येक नागपूरकर विचारतो. डब्यावर पंखा किंवा कूलर लावला की पाणी वाफ होऊन गार होतं, माठासारखंच. पण या गारव्याला मर्यादा आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि हवा अगदी कोरडी असली तरी वाऱ्याने पाणी फार तर २४-२५ अंशांपर्यंत उतरतं, त्याखाली जात नाही. आणि जूनमध्ये हवा दमट झाली की तेवढंही नाही. मार्चभर पंखा पुरेल. एप्रिलपासून नवतपा संपेपर्यंत आणि त्यापुढे पाऊस स्थिरावेपर्यंत चिलर किंवा सतत एसीची खोली लागेल. बर्फाच्या बाटल्या आलटूनपालटून टाकणं हे लाइट गेल्यावरचं काम आहे, त्यावर दोन महिने काढता येत नाहीत. दिवसातून चार वेळा तापमान वरखाली होणं पिल्लांना स्थिर उन्हाइतकंच बाधतं.

इथूनच पुढचा, जरा कठीण विषय येतो. शंभर पिल्लं तुम्ही मेपर्यंत कुठे ठेवणार? ॲक्सोलोटलची मादी एका वेळी शंभरापासून हजारापर्यंत अंडी घालते. रानात त्यातली थोडीच जगतात, डब्यात आपण सगळी जगवायला बघतो. पुढच्या वेळी अंडी घातल्याबरोबर, पहिल्या एक-दोन दिवसांतच, आपल्याला निभावतील तेवढी वीस-तीस ठेवा आणि बाकीची त्याच दिवशी फ्रीझरमध्ये ठेवून नष्ट करा. ऐकायला वाईट वाटतं, पण आत जीव आकार घेण्याआधी हे करणं, नंतर शंभर पिल्लं उपाशी किंवा उन्हात मरू देण्यापेक्षा दयाळूपणाचं आहे. आता निघालेल्या पिल्लांपैकी जगतील तेवढी सांभाळा, आणि आतापासूनच ती घेणारी, गारव्याची सोय असलेली माणसं शोधा.

देताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ॲक्सोलोटल ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्याने अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली आहे. ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. तुमची जोडी नोंदवलेली नसेल तर ते आधी करा. पिल्लांचा जन्म आणि ती दुसऱ्याला देणं, दोन्हींची नोंद करावी लागते. आणि काही झालं तरी तलावात सोडू नका. मेक्सिकोतल्या सोचिमिल्को परिसरातला हा प्राणी आज त्याच्या मूळ घरी अतिसंकटग्रस्त आहे, पण आपल्या तलावात तो उन्हाळ्यात तडफडून मरेल आणि त्याच्या अंगावरचे रोग आपल्या बेडकांना देऊन जाईल.

कुरतडलेल्या कल्ल्यांबद्दल. हे भावंडांचंच काम आहे. पिल्लू हलतं ते खातं, आणि शेजारचं पिल्लूही हलतंच. पुढचे पाय फुटायला लागल्यापासून, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनंतर, अंग पाचेक सेंटिमीटर होईपर्यंत हा धोका सगळ्यात जास्त. भूक आणि गर्दी ही दोनच कारणं. दर तीन-चार दिवसांनी आकाराप्रमाणे निवड करा, मोठी मोठ्यांत, लहान लहानांत. एक पिल्लू अचानक बाकीच्यांच्या दीडपट दिसू लागलं तर त्याने बहुधा भाऊबंद खाल्लेले असतात, त्याला एकटं ठेवा. आडोसा म्हणून स्वच्छ धुतलेली पाणवनस्पती थोडी टाकू शकता, पण तळ दिसला पाहिजे.

तुटलेला कल्ला किंवा पाय परत येतो, पूर्ण आणि कामाचा, हाडांसकट. या एका गुणासाठी जगभरच्या प्रयोगशाळा हा प्राणी पाळतात. १८६४ साली मेक्सिकोतून ३४ ॲक्सोलोटल पॅरिसला नेले गेले, आणि त्यातल्या मोजक्या प्राण्यांपासून वाढलेला वंश पुढे युरोपभर पसरला. जखमी पिल्लाला वेगळ्या वाटीत, गार आणि रोज बदललेल्या पाण्यात ठेवा, भरपूर खायला द्या. औषध काही लागत नाही. जखमेवर पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर ती बुरशी, तेव्हा पाणी दिवसातून दोनदा बदला आणि तापमान दोन अंश उतरवा. एवढ्याने बहुधा आवरतं.

आणखी एक सावधगिरी, जी पुस्तकी सल्ल्यात क्वचित सापडते. ज्या खोलीत पिल्लं आहेत तिथे डासांची लिक्विड मशीन, कॉइल, स्प्रे काहीही लावू नका. त्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं माणसाला फार बाधत नाहीत, पण पाण्यातल्या जिवांना अत्यंत विषारी असतात, आणि ती पिल्लांबरोबर मोइनाही मारतात. गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या लावा, डब्यांवर झाकणं ठेवा, पंप बंद करा, कारण पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. डब्यात हात घालण्याआधी ते साध्या पाण्याने खळखळून धुवा. क्रीम, सॅनिटायझर, आणि या दिवसांत घरोघरी सोलल्या जाणाऱ्या संत्र्याच्या सालीचं तेल, काहीच बोटांना नको.

पुढचं खाणं थोडक्यात. दोन सेंटिमीटरच्या पुढे आणि पुढचे पाय फुटल्यावर पिल्लं वासावरही अन्न ओळखायला लागतात. तेव्हा फ्रोझन ब्लडवर्मचा (दुकानात मिळणाऱ्या गोठवलेल्या लाल अळ्यांचा) बारीक तुकडा चिमट्याने नाकासमोर हलवून द्या. दोन-तीन दिवस आर्टेमिया आणि हे, दोन्ही चालू ठेवा, एकदम बदलू नका. मग गांडुळाचे बारीक तुकडे. ॲक्सोलोटलला गांडुळाइतकं पूर्ण अन्न दुसरं नाही. गांडूळखताच्या वाफ्यातली लाल गांडुळं मात्र कडवट स्राव सोडतात, पिल्लू तोंडात घेऊन थुंकतं. ती उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून, धुवून, चिरून द्या. शेतातलं साधं गांडूळ मिळालं तर उत्तम, पण फवारणीच्या शेतातलं नको. पाच सेंटिमीटरनंतर बुडणाऱ्या बारीक गोळ्या सुरू करता येतात.

आता चंद्रपूर. लग्न फेब्रुवारीच्या मध्यावर असेल तर तुमची पिल्लं तोवर महिन्याची होतील, दोन दिवसांना घाबरायचं कारण नाही. निघायच्या दिवशी सकाळी पोटभर खाऊ घाला, दुपारी तळ साफ करा आणि संध्याकाळी सगळं पाणी बदला. गर्दी निम्मी करा, म्हणजे दुप्पट डब्यांत वाटा. प्रत्येक डब्यात थोडी जिवंत मोइना सोडा, आर्टेमिया नको. डबे घरातल्या सगळ्यात गार फरशीवर, थोडं पाणी भरलेल्या परातीत ठेवा, गारव्यात भूकही कमी लागते. किल्ली शेजारच्या काकूंकडे देणार असाल तर त्यांना पाणी बदलायचं एकदा समोर करून दाखवा, तयार पाण्याची बादली भरून ठेवा, आणि खायला काहीही घालू नका असं सांगून जा.